सांगली ते वाशी इलेक्ट्रिक ट्रकने: चार्जिंगचे थांबे कसे आखायचे

सांगलीहून वाशीच्या मार्केटला माल न्यायचा तर डिझेल गाडीला आखणी लागत नाही. टाकी भरायची, पेठ नाक्यावर हायवेला लागायचं, वाटेत कुठंतरी जेवायचं आणि पहाटे गेटवर उभं राहायचं. इलेक्ट्रिक ट्रकलाही हा साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता जमतो, पण निघायच्या आदल्या दिवशी कागद-पेन घेऊन तासभर बसावं लागतं. शोरूममध्ये रेंजचा आकडा सांगतात, ॲप टाकून देतात आणि पेढे देऊन गाडी बाहेर काढतात. पुढचं आपलं आपण.

इथला सगळा हिशेब एकूण वजन साडेतीन टन आणि बॅटरी ८० युनिट असलेल्या छोट्या ट्रकचा आहे. युनिट म्हणजे वीजबिलावरचंच युनिट, किलोवॅट-तास. टाटा एस ईव्हीसारखी २१.३ युनिटची गाडी असेल तरी पद्धत हीच. फक्त तिच्या कागदावरचे १५४ किलोमीटर भरल्या गाडीला मिळतील असं धरू नका. माझं मत विचाराल तर त्या गाडीने वाशी गाठायच्या भानगडीत पडू नये. सांगली-कराड-सातारा पट्ट्यातच तिचं काम चांगलं होतं. पन्नास-पंचावन्न टनी ट्रेलरवाल्यांचा प्रश्नच वेगळा. त्यांना स्वतःच्या डेपोत मोठे चार्जर बसवल्याशिवाय गत्यंतर नाही.

आधी आपल्या गाडीचा आकडा काढा

कंपनीचा रेंजचा आकडा ठरावीक चाचणीतून येतो. त्यात आपला लोड नसतो, आपला ड्रायव्हर नसतो आणि घाटही नसतो. आपल्याला हवा तो आकडा म्हणजे भरलेली गाडी किलोमीटरला किती युनिट खाते. तो घरीच काढता येतो.

बॅटरी १०० टक्के करा. नेहमीचा माल भरा, पोती असोत की बॉक्स, वजन काट्यावर बघा. सांगली ते कराड जा आणि त्याच रस्त्याने परत या, म्हणजे चढ-उताराची फिटंफाट होते. निघताना आणि परतल्यावर स्क्रीनवरचे टक्के आणि किलोमीटर लिहून ठेवा. ऐंशी युनिटच्या बॅटरीत एक टक्का म्हणजे ०.८ युनिट. समजा १४५ किलोमीटरला ८२ टक्के गेले, तर ६५.६ युनिट झाले, म्हणजे किलोमीटरला साधारण ०.४५. पुढचा सगळा हिशेब याच आकड्यावर मांडलाय. तुमचा आकडा वेगळा आला तर तोच घाला.

हा आकडा घरच्या मीटरवरून काढू नका. चार्जिंग होताना दहाएक टक्के वीज उष्णतेत जाते, त्यामुळे मीटर जास्त दाखवतो. पैशाच्या हिशेबाला मीटर, अंतराच्या हिशेबाला टक्के.

दुसरी गोष्ट बॅटरीच्या जातीची. बहुतेक मालवाहू गाड्यांत एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) बॅटरी असते. मधल्या पट्ट्यात तिचा व्होल्टेज फारसा बदलतच नाही, त्यामुळे बरेच दिवस अर्धवट चार्जिंगवर चालवली तर टक्क्यांचा अंदाज घसरतो. स्क्रीन ३० म्हणते आणि आत त्यापेक्षा कमी असतं. म्हणून लांबच्या फेरीआधी एकदा पूर्ण १०० टक्के करून थोडा वेळ तशीच जोडून ठेवा.

चढ आणि वेग युनिटात मोजा

एक टन वजन शंभर मीटर वर न्यायला पाव युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागते. मोटरचा तोटा धरून ०.३ धरा. साडेतीन टनांची गाडी दीडशे मीटर चढली की दीडएक युनिट गेलं. सांगली साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे आणि सातारा त्याहून बराच वर, म्हणून जाताना या टप्प्याला दोन युनिट जादा धरायचे. खरा चढ बोरघाटाचा. खोपोलीहून वर साडेपाचशे मीटर म्हणजे भरल्या गाडीला सहा युनिट, आपल्या हिशेबात तेरा-चौदा किलोमीटर. परतीच्या वेळी नकाशावरचं अंतर तेवढ्याने लांबलंय असं समजून चाला.

वेगाचं गणित त्याहून महाग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. साठवरून ऐंशीला गेलात की हवेचा रेटा पावणेदोन पटींपेक्षा जास्त होतो आणि ट्रकचं तोंड तर भिंतीसारखं सपाट. वाचलेली वीस मिनिटं पुढच्या चार्जरवर अर्ध्या तासाने परत करावी लागतात. भरल्या गाडीला साठ-पासष्ट हा वेग ठरवून टाका. ड्रायव्हर तरुण असेल तर जाताना एकदा सांगा आणि कराडला फोन करून परत एकदा सांगा.

चार्जर नकाशावर असतो, ट्रक जमिनीवर

या सगळ्या कामात सर्वात जास्त वेळ इथं द्या. टाटा पॉवर, जिओ-बीपी, स्टॅटिक यांची ॲप, शिवाय प्लगशेअरवर लोकांनी टाकलेले फोटो आणि शेरे, हे सगळं बघून हायवेलगतच्या चार्जरची यादी करा. सीसीएस-२ गन, म्हणजे गाडीला लावायचा फास्ट चार्जिंगचा प्लग, आहे का, किती किलोवॅटची आहे, म्हणजे तासाला किती युनिट देते, ते लिहा. मग यादीतल्या प्रत्येक ठिकाणी फोन लावा. हिरवा ठिपका दिसतो म्हणजे चार्जर चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ, आणि कधीकधी तेवढाही नाही.

आपल्याकडचे बहुतेक चार्जर कारसाठी उभारलेत. हॉटेलच्या पार्किंगमध्ये भिंतीला लागून चार्जर, समोर तीन कारच्या पट्ट्या आणि वर पत्र्याची शेड. कार नाक पुढं करून घुसते आणि काम होतं. ट्रकची बॉडी शेडला अडते, मागं जायला जागा नसते, आणि चार्जिंगचं तोंड नेमकं चार्जरच्या उलट्या बाजूला असेल तर चार-पाच मीटरची केबल पोचत नाही. म्हणून फोन असा करायचा:

"दादा, तुमच्याकडची साठची गन चालू हाय का?"

"चालू हाय की."

"शेवटची गाडी कवा लागली होती?"

"सकाळीच एक कार लागली होती."

"ट्रक आत येईल का? बॉडी नऊ फूट हाय."

"नऊ फूट? मग शेडखाली न्हाई बसायची. बाहेरनं आडवी लावा, पण केबल पुरंल का बघा."

शेवटची गाडी कधी लागली हा प्रश्न विसरू नका. "चालू हाय" हे उत्तर सवयीने येतं. "सकाळी लागली होती" हे बघून येतं. जमलं तर व्हॉट्सॲपवर समोरून एक फोटो मागवा. वॉचमन किंवा मॅनेजरचा नंबर चार्जरच्या नावानेच सेव्ह करून ठेवा, कारण कंपनीच्या हेल्पलाइनपेक्षा रात्री दोनला तोच उपयोगी पडतो.

आणखी एक मेख. बोर्डावर ६० किलोवॅट लिहिलेलं असलं तरी दोन गनचा चार्जर असेल तर दुसरी गाडी लागताच बरेच चार्जर ३०-३० करतात. मोठा आकडा बघून वेळ काढू नका, अर्धा धरून काढा. गाडीची स्वतःचीही मर्यादा असते. गाडी चाळीसच घेत असेल तर १२०च्या चार्जरवर थांबून एक मिनिट वाचत नाही.

थांबे जोडीने ठरवा

आता आखणी. प्रत्येक थांब्याला एक जोडीदार हवा आणि कुठला घ्यायचा हे ठरवायची जागा त्या दोन्हींच्या अलीकडे हवी. चार्जरसमोर उभं राहून पुढं काय करायचं हा विचार सुरू झाला, तर आखणी केलीच नव्हती म्हणायची.

सांगली ते सातारा सुमारे १२५ किलोमीटर. गुणिले ०.४५ म्हणजे ५६ युनिट, चढाचे दोन, एकूण ५८. पूर्ण भरून निघालात तर साताऱ्यात २२ युनिट, म्हणजे २७-२८ टक्के शिल्लक. साताऱ्यातला चार्जर बंद निघाला तर पुढं आनेवाडी-भुईंजकडे पंचवीसेक किलोमीटर जाता येतं आणि तरी दहाबारा टक्के उरतात. पण ही वेळ येऊ द्यायची नाही. कराड सोडण्याआधी गाडी बाजूला घेऊन साताऱ्याला फोन करायचा. कराडला जवळपास ५८ टक्के असतात. साताऱ्याचं उत्तर समाधानकारक नसेल तर कराडलाच अर्धा-पाऊण तास लावून पुढं निघायचं. म्हणजे पहिला थांबा सातारा, जोडीदार कराड, आणि निर्णयाची जागा कोल्हापूर नाका.

साताऱ्यात किती भरायचं? ८५ टक्क्यांपर्यंत. ऐंशीनंतर चार्जिंग मंदावत जातं. जत्रेची एसटी भरते तसं, पहिल्या जागा पटापट जातात आणि शेवटच्या दोन माणसांना दार लागेपर्यंत रेटारेटी. २८ वरून ८५ म्हणजे ४६ युनिट. गाडीला सरासरी ४० किलोवॅट मिळाले तर सव्वा तासाच्या आत, ३० मिळाले तर दीड तास. जेवण इथंच उरका.

सातारा ते खेड शिवापूर ८५ किलोमीटरच्या आसपास. ३८ युनिट जातात, ३० उरतात. इथं दोन मार्ग आहेत. एक म्हणजे इथंच परत ८५ पर्यंत भरायचं. दुसरा, पुढं पुणे बायपासने वाकड-रावेतकडे जाऊन भरायचं. तिथं पोचेपर्यंत वीस टक्क्यांच्या खाली उतरलेले असाल. मी पहिला सांगेन. नवले पुलापासून पुढं कुठं आणि किती वेळ अडकाल ते सांगता येत नाही. नुसतं उभं राहायला इलेक्ट्रिक गाडी फार वीज खात नाही हे खरं, पण कमी टक्क्यांवर गर्दीत अडकलेल्या ड्रायव्हरचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

खेड शिवापूर ते वाशी एक्स्प्रेस वेने १४५ किलोमीटर. ६५ युनिट, त्यातून बोरघाटाच्या उताराचे तीनेक वजा केले तर ६२. निघताना ६८ होते, म्हणजे वाशीत सहा. एवढ्यावर कुणी गाडी न्यायची नाही. म्हणून एक्स्प्रेस वेवर किंवा पनवेलच्या आसपास वीस मिनिटांचा तिसरा थांबा आधीच लिहून ठेवा, दहा युनिटांचा. फूड मॉल आपल्या बाजूला आहे का ते नीट बघा. समोरच्या बाजूचा चार्जर दुभाजकापलीकडून नुसता दिसतो.

चालायचे साडेसात तास, चार्जिंगचे अडीच-तीन, रांगेला अर्धा तास सोडा. डिझेल गाडी आठ तासांत जाते, ही अकरा घेणार. त्यामुळे पहिल्या फेरीला द्राक्षं भरू नका. तासगावचा बेदाणा न्या, हळदीची पोती न्या. दोन तास उशीर झाला तर बेदाण्याला काही होत नाही. द्राक्षाला होतं आणि दलाल भाव पाडायला टपलेलाच असतो.

उतार

कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंतचा उतार सगळ्या गाडीवाल्यांना माहीत आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडतात आणि ब्रेक तापून घात होतो. इलेक्ट्रिक ट्रकला इथं न्यूट्रल करणं दुहेरी मूर्खपणा. गिअरमध्ये, जास्तीत जास्त रिजनवर (मोटरनेच गाडी आवरायची सेटिंग) ठेवली की मोटर गाडीला धरून ठेवते, ब्रेक थंड राहतात आणि वर थोडी वीज बॅटरीत परत येते. किती येते याच्या गप्पांवर जाऊ नका. उतारावरची सगळी शक्ती कधीच परत मिळत नाही.

भरलेल्या बॅटरीत मात्र ही वीज घ्यायला जागा नसते. शंभर टक्के घेऊन घाट उतरायला लागलात तर रिजन जवळजवळ बंद असतो आणि सगळा भार पायाच्या ब्रेकवर येतो. लोणावळ्याला थांबून बॅटरी गच्च भरायची आणि मग बोरघाट उतरायचा, हा क्रम म्हणूनच चुकीचा. भरायचंच असेल तर घाट उतरून भरा.

ओटीपी कुणाच्या फोनवर येतो?

ही बाब क्षुल्लक वाटते, पण फेऱ्या इथंच अडकतात. ॲप मालकाच्या फोनवर, वॉलेट मालकाचं, ओटीपी मालकाला आणि मालक सांगलीत झोपलेला. निघण्याआधी निदान तीन कंपन्यांची ॲप ड्रायव्हरच्या फोनवर, ड्रायव्हरच्याच नंबराने उघडून द्या आणि प्रत्येकात एका चार्जिंगपुरते पैसे टाका. सांगलीतच एखाद्या चार्जरवर प्रत्येक ॲपने पाच-पाच मिनिटं चार्जिंग करून बघा. सुरू करणं, थांबवणं, बिल बघणं हे ड्रायव्हरच्या हाताला लागलं पाहिजे. फोनला पॉवर बँक द्या.

कागदपत्रांत एक गोष्ट: इलेक्ट्रिक मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये तशी अधिसूचना काढली आहे. नाक्यावर हिरव्या पाटीवरची पिवळी अक्षरं बघूनही कुणी परमिट मागितलं तर दाखवायला तिची प्रत फोनमध्ये ठेवा. फिटनेस आणि विमा मात्र हवाच. २०२५च्या राज्य धोरणातली एक्स्प्रेस वेची टोलमाफी इलेक्ट्रिक कार आणि बससाठी आहे, मालगाडीने टोल हिशेबात धरूनच निघावं.

चार्जरवर पोचल्यावर

गन लावण्याआधी तिच्या तोंडात डोकावा. धूळ, मुंग्या, पावसाचं पाणी, काहीही असतं. चार्जरची स्क्रीन काळी दिसली तर आधी त्याच्यावरचं लाल बटण बघा. कुणीतरी खेळताना दाबून ठेवलेलं असतं आणि बाणाच्या दिशेने फिरवलं की ते वर येतं; मग यंत्र परत सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं द्या. चार्जिंग सुरू झाल्यावर लगेच जेवायला जाऊ नका. पहिली पाच मिनिटं उभं राहून किती किलोवॅट येतायत ते बघा. साठच्या चार्जरवर बारा येत असतील तर गन काढून दुसरी लावून बघा, नाहीतर ताट संपेल आणि टक्के तिथंच असतील. उन्हाळ्यात दुपारी भरल्या गाडीने येऊन लगेच गन लावली तर तापलेली बॅटरी स्वतःच वेग कमी करते. एप्रिल-मेमध्ये म्हणून संध्याकाळी निघालेलं चांगलं.

गन निघत नसेल तर ओढाताण नको. ॲपवर चार्जिंग थांबवा, गाडी अनलॉक करा, थोडं थांबा. आणि काम झालं की गाडी हलवा. आपल्या ट्रकने दोन कारची जागा अडवलेली असते.

वाटेत गाडी बंद पडलीच तर मागची चाकं जमिनीवर ठेवून दोराने ओढून न्यायची नाही. चाकं फिरली की मोटर फिरते आणि वीज तयार होते. सपाट बॉडीची क्रेनगाडीच बोलवा.

पावसाळ्यात रस्ता बदलला तर

जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी आयर्विन पुलाची पातळी बघा. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. सांगलीवाडीकडून पेठ नाक्याला जाणं शक्य नसेल तर तासगाव-विटामार्गे कराड गाठावं लागतं आणि वीस-पंचवीस किलोमीटर वाढतात, म्हणजे दहाएक युनिट. मग सातारा हा पहिला थांबा उरत नाही. कराडला भरल्याशिवाय पुढं जायचं नाही. ज्या वारी देखभालीसाठी वीज बंद असते तो वारही कराड-साताऱ्याच्या माणसांना आधी विचारून घ्या. चार्जर धडधाकट आणि फीडर बंद, हे सर्रास होतं.

पैसे सुटतात का?

सार्वजनिक फास्ट चार्जरवर १८ टक्के जीएसटी धरून युनिट २० रुपयांच्या आसपास पडतं असं समजा, आणि महावितरणच्या ईव्ही वर्गवारीतलं वेगळं मीटर घेऊन घरी नऊ-दहा. जाताना घरची एक पूर्ण बॅटरी, मीटरवरचे दहा टक्के जादा धरून, आठशे-पावणेनऊशेची, वाटेतली ९४ युनिट १,८८० ची. बेरीज सत्तावीसशेच्या आसपास. डिझेल ९० रुपये आणि गाडी अकरा-बाराचं ॲव्हरेज देत असेल तर तेवढ्याच रस्त्याला अठ्ठावीसशे. शंभरएक रुपये वाचले आणि तीन तास गेले. वाशीहून भरून येताना सगळंच चार्जिंग सार्वजनिक केलंत तर डिझेलपेक्षा महाग पडेल.

म्हणून वाशीच्या बाजूला रात्रभर लावता येईल असं स्वस्त चार्जिंग मिळतं का, हे फेरी ठरवण्याआधी शोधा. एखादं गोदाम, ओळखीच्या ट्रान्सपोर्टचं यार्ड, जिथं सात किलोवॅटचा एसी चार्जर आहे. दहा-अकरा तासांत बॅटरी भरते आणि ड्रायव्हरची झोपही होते. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर भागणार नाही, तिथं तासाला तीनच युनिट मिळतात. असं ठिकाण नसेल तर वाशीचं भाडं डिझेल गाडीला द्या आणि इलेक्ट्रिकला मिरज-कराड-साताऱ्याच्या रोजच्या फेऱ्यांवर ठेवा; ती कमावते तिथंच.

परतीला पनवेल सोडताना बॅटरी ८० टक्के हवी. पनवेल ते वाकड नव्वदेक किलोमीटर, चाळीस युनिट, वर घाटाचे सहा. वाकडला २०-२२ टक्के राहतात. गाडी रिकामी असेल तर पुष्कळ उरतं, पण तो आकडाही एकदा रिकाम्या गाडीने कराडला जाऊन-येऊन वेगळा काढलेला असावा. पुढं खंबाटकीत साताऱ्याकडे येताना जुना घाट चढावा लागला तर त्याचाही चढ त्याच ०.३ च्या हिशेबाने आधीच वजा करा, आणि पुण्यातून निघताना साताऱ्याच्या वॉचमनला फोन लावा.